पोरगा उमेदवार झाला

चांदूर रेल्वेच्या बाजारात दोन कास्तकार भेटले. एक म्हणाला, "माहा पोरगा उमेदवार झाला."

दुसऱ्याने विचारले, "असं काय? कोन्त्या पक्षाकडून?"

पहिला हसला. "पक्षाकडून नाही बाप्पा, कारखान्यात!"

आपल्याकडे उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण हा शब्द कारखान्यातही चालतो. उमेद म्हणजे आशा. आज काम शिकू, उद्या ते आपल्या हाती येईल, अशी उमेद धरून जो उस्तादाजवळ राहतो तो उमेदवार. त्याच्या शिकण्याला उमेदवारी म्हणतात. सरकारी कागदात त्याला 'शिकाऊ उमेदवार' असे लिहितात. कारखान्यातले लोक 'अप्रेंटिस' म्हणतात. नावे तीन, पण माणूस एकच.

उमेदवारी आपल्या गावाला नवी नाही. पूर्वी लोहाराचा पोरगा आधी भाता ओढायचा. भाता ओढता ओढता तो विस्तवाकडे पाहायचा. लोखंड आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे. कोणत्या रंगावर ते ऐरणीवर घ्यायचे, हे डोळ्याला कळू लागले की मग हातात सांडशी यायची. बाप लहान हातोडीने जागा दाखवायचा आणि पोरगा घणाने नेमका तिथे घाव घालायचा. वखराची पास किती तापवायची, पाण्यात कधी बुडवायची, हे त्याला कोणी पुस्तकातून सांगितले नाही. बापाचा हात पाहून त्याचा हात तयार झाला.

ही चांगली उमेदवारी होती. पण तिला कागद नव्हता. आणि ती जातीत बंद होती. लोहाराचा पोरगा लोहार, सुताराचा पोरगा सुतार. दुसऱ्या घरच्या पोराला ऐरणीजवळ कोण उभे करणार?

हे दार उघडले ते कारखान्यांनी. आणि आपल्या भागात यंत्रे आली ती रेल्वेच्या मागोमाग.

आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. रूळ वाढत वाढत वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरला पोचले. अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एक चांदूर बाजार. दुसरे या रुळावरचे, म्हणून चांदूर रेल्वे. रेल्वे इकडे आणण्यामागे एक मोठे कारण होते वऱ्हाडचा कापूस. तो मुंबईला जायचा आणि तिथून बोटीने विलायतेला जायचा.

इंजिने विलायतेहून आली. त्यांच्यासोबत ती जुळवणारी माणसेही आली. पण कोळशावर चालणाऱ्या इंजिनाला रोजची निगा लागते. दर वेळी विलायतेहून माणूस कसा बोलावणार? म्हणून रेल्वेने कारखाने काढले. बिहारात जमालपूर येथे १८६२ साली मोठा कारखाना निघाला. आपल्या लाईनचा मोठा कारखाना मुंबईला परळ येथे होता. अशा कारखान्यांतून इथल्या माणसांना लोखंडाचे नवे काम शिकायला मिळाले. वरच्या जागा बराच काळ गोऱ्या साहेबांनाच मिळत, हेही खरे आहे.

रेल्वेजवळच्या गावांत जिन आणि प्रेस उभे राहिले. जिन तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. पण आत काय चालते ते पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या जिनमध्ये चामड्याचा रूळ फिरत असतो. त्याला लागून एक स्थिर सुरी असते. कापसाचे तंतू खडबडीत चामड्याला चिकटून सुरीखालून पलीकडे ओढले जातात. सरकी मोठी असल्याने ती अडते. दुसरी एक सुरी वरखाली हलत असते, ती सरकीला ढकलून मोकळी करते. झाले, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे.

आता यात फिटरचे काम काय? रूळ आणि सुरी यांचा दाब नेमका ठेवणे. दाब कमी पडला तर सरकीला रुई चिकटून राहते. दाब जास्त झाला तर घासून घासून रूळ तापतो. आजूबाजूला रुई पसरलेली असते. मग काय होते ते सांगायला नको. जिनला लागलेल्या आगीच्या बातम्या आपण ऐकतोच. पाण्याचा बंब आग लागल्यावर येतो. फिटर रोज सकाळी पाना घेऊन येतो आणि आग लागूच नये असे पाहतो. त्याचे नाव मात्र पेपरात येत नाही.

कोणी म्हणेल, हे काम शहरातल्या पोरांचे. नांगर धरणाऱ्या घरच्या पोराला ते कसे जमणार? त्यासाठी वऱ्हाडाबाहेरची एक गोष्ट सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव लोखंडी नांगरामुळे कास्तकारांच्या ओळखीचे आहे. त्यांचा जन्म १८६९ सालचा. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. तेव्हा ते यंत्रांची चित्रे काढण्याकडे वळले. इंजिनिअरची पदवी त्यांनी घेतली नव्हती. यंत्रे पाहून आणि हाताने काम करून ते यंत्रकाम शिकले. बेळगावला त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापायचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून लोक तो घेत नव्हते. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभारला. तीच आजची किर्लोस्करवाडी. माळावर तयार कारागीर कुठून येणार? आसपासच्या खेड्यांतली माणसे कामावर आली आणि कामावरच शिकली. म्हणजे नांगर ओढणाऱ्या बैलांच्या मालकांनीच नांगर करायला हात लावला.

फिटर म्हणजे जुळवणारा. यंत्राचे दोन भाग एकमेकांत असे बसवायचे, की ते सैल होऊन खडखडू नयेत आणि आवळून अडकूही नयेत. ऐकायला सोपे वाटते. पण हे हाताला यायला वेळ लागतो.

उमेदवाराला सुरुवातीला मोठे यंत्र देत नाहीत. त्याला एक कानस देतात आणि लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा देतात. तुकडा शेगड्यात घट्ट पकडायचा. शेगड्याची उंची आपल्या कोपराइतकी असावी. कानशीला दात पुढच्या बाजूला कललेले असतात. म्हणून पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे आणताना दाब सोडायचा. नवा पोरगा दोन्ही वेळा दाबतो. त्याने कानस लवकर बोथट होते आणि पोरगाही लवकर थकतो.

दुसरी खोड म्हणजे हात झुलणे. कानस झोक्यासारखी वरखाली होते. मग तुकडा कडेला उतरतो आणि मधे फुगतो. पोराला वाटते, सपाट झाला. उस्ताद गुण्या घेतो, तुकड्यावर टेकवतो आणि उजेडाकडे धरतो. कडेखालून उजेडाची रेघ दिसते. "पुन्हा कर," म्हणतो. पोरगा पुन्हा घासतो. पुन्हा रेघ दिसते. असे दिवसच्या दिवस जातात. तळहाताला फोड येतात. काही पोरे याच वेळी घरी पळून येतात आणि म्हणतात, "तिथं काहीच शिकवत नाहीत, नुसतं घासायला लावतात." आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. घासायला लावतात, तेच शिकवणे आहे. हात सरळ चालू लागला की पुढची कामे भराभर येतात: लोखंडावर आखणी करणे, करवतीने कापणे, भोक पाडणे, भोकात आटे पाडणे, लेथवर गज कातणे.

शेवटी परीक्षेत एक काम असते. एका पट्टीला चौकोनी खाच करायची. दुसरा तुकडा त्या खाचेत बसेल असा घासायचा. तो उलटा फिरवूनही तसाच बसला पाहिजे. मधून उजेड जास्त दिसला तर गुण कापले.

या कामात मापाला फार महत्त्व आहे. शेतात आपण पावलाने, वितीने मोजतो. मिस्त्री लोक सुताने मोजतात. एका इंचाचे आठ सूत. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. जुन्या कारागिराच्या तोंडी अजून सूतच आहे. पण यंत्राला सूत हे माप फार मोठे पडते. फिटरजवळ मायक्रोमीटर नावाचे हत्यार असते. ते एका मिलिमीटरचे शंभर भाग मोजते. आपल्या डोक्याचा एक केस मायक्रोमीटरमध्ये धरला तर तो साधारण पाच ते दहा भाग भरतो.

इतके बारीक कशाला मोजायचे, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण घ्या. पाण्याच्या पंपाचा किंवा कशाचाही दांडा साध्या बुशमध्ये फिरतो. दांडा ५० मिलिमीटर जाड असेल, तर त्याच्या आणि बुशच्या मधे सुमारे ०.०५ मिलिमीटर फट ठेवतात. म्हणजे एका बारीक केसाएवढी. त्या फटीत तेल राहते. दांडा तेलावर तरंगत फिरतो. फट ठेवलीच नाही तर तेल शिरणार नाही, दांडा तापेल आणि जाम होईल. फट फार ठेवली तर दांडा हादरेल आणि बुश खाऊन टाकेल. हंगामात मोटर बंद पडली म्हणजे ओलिताचे पीक उभे वाळते. एका केसाच्या फरकाने एवढे होते.

दुसरे उदाहरण आपल्या स्टेशनावरचे. लोखंड तापले की वाढते. एक मीटर लांबीचा पोलादी गज एका अंशाने तापला तर सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो. हे काहीच नाही असे वाटते. पण १३ मीटर लांबीचा रूळ घ्या. थंडीतल्या पहाटे त्याचे तापमान १० अंश होते असे समजा. वैशाखातल्या दुपारी, उन्हात पडलेला तोच रूळ ६० अंशांवर जातो. ५० अंशांचा फरक पडला. हिशेब केला तर रूळ ७.८ मिलिमीटर वाढला. म्हणजे जवळजवळ अडीच सूत! म्हणून जुन्या काळी दोन रुळांच्या मधे फट ठेवीत, आणि चाक त्या फटीवरून गेले की खट्-खट् असा आवाज येई. आता मुख्य मार्गावर रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब करतात आणि ते काँक्रीटच्या स्लीपरांना घट्ट आवळून धरतात. त्यामुळे तो आवाज कमी झाला. म्हाताऱ्या माणसांना त्या आवाजाशिवाय गाडीत झोप येत नाही, असे म्हणतात.

दहावीच्या गणितात पोरगा "हे दशांश चिन्ह कशाला?" म्हणून कंटाळलेला असतो. ते इथे कामाला येते. दशांश चिन्ह एक घर चुकले तर अख्खा भाग भंगारात जातो.

आता जपण्याच्या गोष्टी. मळणीयंत्रात हात गेल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. कारखान्यातही तीच भीती असते. फिरते यंत्र माणूस ओळखत नाही. गळ्यात दुपट्टा नको, ढगळ बाही नको, बोटात अंगठी नको, मनगटाला दोरा नको. मुलींनी वेणी बांधून टोपीत घालावी. हो, मुलीही फिटरचे काम शिकतात आणि चांगले करतात. पुष्कळांना वाटते, हातमोजे घातले म्हणजे हात वाचला. जड माल उचलताना ते खरे आहे. पण फिरत्या लेथजवळ किंवा ड्रिलजवळ हातमोजा घालू नये. मोज्याचा धागा अडकला तर सबंध हात ओढला जातो. लोखंडाचा कीस बोटाने काढू नये, ब्रशने काढावा. तो पात्यासारखा धारदार असतो. ग्राइंडरवर काम करताना डोळ्यांना चष्मा पाहिजेच. आणि मूठ नसलेली कानस कधी वापरू नये. तिचे मागचे टोक तळहातात घुसते. ही चूक नवे पोरगे करीत नाहीत, जुनेच करतात. नव्याला भीती असते.

इथपर्यंत हाताचे काम झाले. आता कागदाचे काम पाहू.

मागे एक गृहस्थ आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागले. वय पन्नाशीच्या घरात. तीन एकर कोरडवाहू. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. म्हणाले, "गुरुजी, यावर काय लिवलं हाये, वाचून सांगा. माहा पोरगा दहावी झाला. शहरात एका कारखान्यात अप्रेंटिस म्हनून लागला होता. अकरा महिने राह्यला. आता थे म्हन्तात सर्टिफिकेट नाही. काऊन नाही?"

मी कागद वाचला. त्यात अप्रेंटिस हा शब्दच नव्हता. ठेकेदाराने मदतनीस म्हणून रोजाने घेतले, असे लिहिले होते. कोणते काम शिकवणार, किती दिवस शिकवणार, कशाचाही पत्ता नव्हता. खाली बापाचा अंगठा होता. पोराने अकरा महिने झाडू मारला आणि माल वाहिला. मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले कुठी वाचता येत होतं? त्याईनं म्हटलं अप्रेंटिस. म्या आंगठा मारून देल्ला."

त्या ठेकेदाराचे नाव मी इथे लिहीत नाही. तसे करणारे पुष्कळ आहेत.

हे का झाले ते समजण्यासाठी कायदा थोडा पाहू. शिकाऊ पोरांसाठी आपल्या देशात पहिला कायदा इंग्रजांच्या काळात, १८५० साली झाला. अनाथ आणि गरीब मुलांना धंदा शिकायला कोणाजवळ तरी ठेवावे, यासाठी तो होता. दहा वर्षांच्या पोरालाही त्यात बांधून देता येत असे. स्वातंत्र्यानंतर तो मोडीत काढून नवा कायदा केला. तो १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. १ मार्च १९६२ पासून तो लागू झाला. नंतर त्यात वेळोवेळी बदल झाले, पण मूळ गोष्ट तीच आहे: उमेदवार हा शिकणारा आहे, मजूर नव्हे.

या एका वाक्यातून सगळे निघते. शिकणारा असल्यामुळे त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळते. ते नगावर मोजून द्यायचे नसते. तुझे इतके नग झाले, इतके पैसे घे, असे उमेदवाराच्या बाबतीत चालत नाही. शिकाऊ हात घाईला लावला की तो शिकत नाही आणि कापला मात्र जातो. सरकारी सल्लागाराची परवानगी असल्याशिवाय त्याच्याकडून जादा तास काम करून घ्यायचे नसते. काम करताना इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते. उमेदवार चौदा वर्षांपेक्षा लहान नसावा, आणि धोक्याच्या उद्योगात अठरापेक्षा लहान नसावा.

२०१९ साली नियम बदलले. तेव्हा दहावी झालेल्याला महिन्याला कमीत कमी ६,००० रुपये आणि आयटीआय झालेल्याला ७,००० रुपये विद्यावेतन ठरले. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. हे आकडे सरकार बदलत असते, म्हणून ताजा आकडा आयटीआयमध्ये विचारून घ्यावा. त्याच नियमांत असेही ठरले, की ज्या कारखान्यात तीस किंवा अधिक माणसे आहेत त्याने उमेदवार घेतलेच पाहिजेत. म्हणजे कारखाना उमेदवाराला ठेवतो तो उपकार म्हणून नाही. मधला कोणी दलाल "दहा हजार द्या, पोराला चिकटवून देतो" म्हणत असेल, तर त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नये. विद्यावेतन कारखान्याने उमेदवाराला द्यायचे असते. पैसे उलट्या दिशेने वाहू लागले की समजावे, काहीतरी चुकले.

पण हे सगळे हक्क मिळतात कशाने? करारनाम्याने. उमेदवारी सुरू होताना कारखाना आणि उमेदवार यांच्यात करारनामा होतो. पोरगा अठरा वर्षांच्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची सही लागते. करारनाम्याची सरकारदरबारी नोंद होते. हल्ली ही नोंद संगणकावर होते आणि तिला नंबर मिळतो. नोंद नसेल तर तो पोरगा कायद्याच्या लेखी उमेदवारच नाही. मग त्याला परीक्षा नाही आणि सनदही नाही. त्या गृहस्थांच्या पोराचे हेच झाले.

करारनामा दोन्ही बाजूंना बांधतो, हेही सांगितले पाहिजे. कारखान्याने मधेच शिकवणे सोडले तर त्याला भरपाई द्यावी लागते. आणि पोरगा कारण नसताना मधेच पळून आला तर शिकवण्याचा खर्च त्याच्याकडे किंवा पालकाकडे मागता येतो. कानस घासून कंटाळा आला, हे कारण तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती पुष्कळ आईबापांना आवडत नाही. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. उमेदवारी पुरी झाली की त्याच कारखान्याने कामावर ठेवलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. रेल्वेतही तसेच आहे. अलीकडच्या वर्षांत मध्य रेल्वे दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर उमेदवार घेते. वय १५ ते २४. लेखी परीक्षा नसते. मुंबई, भुसावळ, नागपूर, पुणे, सोलापूर अशा ठिकाणी त्यांना ठेवतात. शिकून झालेल्यांसाठी रेल्वेच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात, पण त्यासाठीही भरतीची परीक्षा द्यावी लागते. शिकलेले पुष्कळ आणि जागा थोड्या. २० मार्च २०१८ रोजी मुंबईत सकाळच्या गर्दीच्या वेळी शेकडो उमेदवार माटुंगा आणि दादर यांच्यामधे रुळांवर बसले. वीस टक्क्यांची अट काढा आणि आम्हां सर्वांना रेल्वेत घ्या, ही त्यांची मागणी होती. काही तास लोकल गाड्या बंद पडल्या. गाड्या अडवल्याने लोकांचे हाल झाले, ते बरे झाले असे मी म्हणणार नाही. पण रेल्वेच्या कारखान्यात हात काळे करून शिकलेली ती पोरे होती. त्यांचा राग मला समजतो.

म्हणून पोराला पाठवताना 'सरकारी नोकरी लागली' असे गावभर सांगू नये आणि त्या भरवशावर कर्जही काढू नये. हाती येईल ते एवढेच: शिकलेला हात आणि सनद. त्यावर तो पुण्याच्या कारखान्यात जाईल, जिनमध्ये फिटर होईल, नाहीतर चांदूरलाच मोटर-पंप दुरुस्तीचे दुकान टाकेल. लायसन नसलेल्या ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही असे नाही, पण त्याला गाडी कोण देतो? सनदेचेही तसेच आहे.

चौकशी करायची तर लांब जाण्याचे कारण नाही. आता तालुक्याच्या गावी आयटीआय असते. चांदूर रेल्वेलाही आहे. फिटरचा आयटीआयचा अभ्यास दोन वर्षांचा असतो. तो करून मग कारखान्यात उमेदवारी केली तर हात आधीच तयार असतो, आणि माझ्या मते हाच रस्ता बरा. पण आयटीआय न केलेल्यालाही घेतात. त्याला आधी पायाभूत शिक्षण देतात. जाताना दहावीची गुणपत्रिका, आधार, बँकेचे पासबुक आणि असेल तर जातीचा दाखला न्यावा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे लिहिलेले आहे काय ते घरीच पाहून घ्यावे. एका कागदावर 'विठ्ठलराव' आणि दुसऱ्यावर 'विठ्ठल' असले की चार चकरा पडतात.

त्या गृहस्थांची गोष्ट अर्धीच राहिली. ते पुढे सहा महिने वर्गाला आले. अक्षर मोठे आणि वाकडे, पण वाचता येईल असे लिहू लागले. तेवढ्यात पोराला दुसऱ्या एका कारखान्यातून बोलावणे आले. पोरगा अठराचा व्हायला चार महिने कमी होते, तेव्हा बापाची सही लागणार होती. पोरगा करारनामा घेऊन घरी आला. कागद इंग्रजीत होता. पुष्कळदा तो तसाच असतो. बापाने वही काढली. पोराला म्हटले, "तू वाच. मी लिवतो."

पोरगा वाचत गेला. बाप मराठीत लिहीत गेला. काम: फिटर. पैसे: इतके. सुरू: अमुक तारीख. मग बाप थांबला. "संपते कवा?"

पोराने कागद वरखाली पाहिला. "बाबा, ते यावर नाही."

"मंग कशावर हाये?"

खाली बारीक अक्षरात 'पान १' असे छापले होते. दुसरे पान सोबत आलेच नव्हते. बापाने पेनाचे टोपण लावले. "दुसरं पान घेऊन ये. मंग सही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा दोन्ही पाने घेऊन आला. संपण्याची तारीख दुसऱ्या पानावर होती. बापाने ती वहीत उतरून घेतली, दिव्याखाली बसून दोन्ही पानांवर सही केली आणि कागदाची झेरॉक्स सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिली.